डोंगरावरून आणलेली बरणी

काइपिंग, दक्षिण चीन
रविवार, ७ सप्टेंबर १९९७

नोरीन,

हे पत्र तू फोडशील की आधीच्यांसारखं ड्रॉवरात टाकशील, मला ठाऊक नाही. टाकलंस तरी लिहितो. आज कुणाशी तरी बोलायलाच हवं, आणि इथे माझी भाषा समजणारी एकच बाई आहे, नळांच्या कारखान्यातली आमची दुभाषी मिस सितो. तिला तर हे अजिबात सांगण्यासारखं नाही.

मी घाबरलोय. चोपन्न वर्षांचा बाप्या, आणि स्वतःच्या न्हाणीघरात जायला घाबरतोय. आज तोंडसुद्धा स्वयंपाकघरात धुतलं.

रविवारच्या माझ्या भटकंत्या मी तुला कळवत असतोच. कारखाना सहा दिवस चालतो, सातव्या दिवशी मी सायकल काढतो. एका रविवारी बांबूच्या तराफ्यावरून नदीत पडलो. एकदा शेतातल्या ओसाड मनोऱ्यावर चढलो आणि खाली कुणीतरी दार लावून घेतलं, तेव्हा तीन तास खिडकीतून म्हशींना हाका मारत होतो. लहानपणी भावाच्या फजितीवर हसायचीस तशी खो-खो हसशील म्हणून हे सगळं लिहायचो. आजचं मात्र हसण्यातलं नाही.

मिस सितोने आज तिच्या मामाच्या गावी जेवायला नेलं होतं. इथून आठ मैल. मडक्यातला वाम-भात होता, मी खालची करपलेली खरवडसुद्धा सोडली नाही. जेवणं झाल्यावर सगळे आडवे झाले आणि मी गावामागच्या डोंगरावर चक्कर मारायला गेलो. तिथे गवतात एक बरणी पडली होती. तपकिरी रंगाची, गुडघ्याच्या वर येईल एवढी उंच, झाकणासकट. लोणच्याची असेल, कुणी टाकून दिली असेल, असं वाटलं. दारापाशी छत्र्या ठेवायला बरी पडेल म्हणून उचलली. सायकलच्या कॅरिअरला ट्यूबने करकचून बांधली आणि परस्पर घरी आलो. चांगलीच जड होती. वाटेत आत काहीतरी खडखडत होतं.

न्हाणीघरात धुवायला म्हणून उलटी केली, तर माती, काड्या आणि हाडं पडली. आधी वाटलं डुकराची असतील, इथे घरोघरी हाडांचं सूप शिजत असतं. मग एक कवटी घरंगळत कमोडला जाऊन टेकली. ती डुकराची नव्हती, नोरीन.

सगळं परत आत कोंबलं. जे आधी हाताला लागलं ते आधी गेलं. माती आणि काड्या कचऱ्यात टाकल्या, फरशी तीनदा धुतली आणि दाराला बाहेरून कुलूप घातलं. आता दिवसाढवळ्या घरातले सगळे दिवे लावून तुला हे लिहितोय.

एमेट

गुरुवार, ११ सप्टेंबर

नोरीन,

आधी एक दुरुस्ती. बरणी गवतात पडलेली नव्हती. डोंगराच्या उतारावर सहा बरण्या ओळीत मांडलेल्या होत्या आणि मी कडेची उचलली. समोर उदबत्त्यांच्या जळक्या काड्या खोचलेल्या होत्या, त्याही मी पाहिल्या. पाहून मनाशी म्हणालो, असतील कसल्यातरी. त्याहून पुढचं सांगायचं तर मिस सितो जेवताना मला म्हणाली होती, "डोंगरावर जाऊ नका, तिथे बघण्यासारखं काही नाही." मला कुणी जाऊ नको म्हटलं की माझे पाय कुठे वळतात, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

मंगळवारी सहज विचारल्यासारखं करून मी तिला त्या बरण्यांबद्दल विचारलं.

"तुम्हाला कशाला हवंय ते?" ती म्हणाली. मग सांगितलं. इथे माणूस आधी मातीत पुरतात. सहा-सात वर्षांनी उकरतात, एकेक हाड पुसून बरणीत रचतात. पावलं तळाशी, मग पाय, कणा, फासळ्या, आणि डोकं सगळ्यांत वर. म्हणजे माणूस आत बसलेला असतो. हाडं असं कुणी म्हणत नाही, सोनं म्हणतात.

मी तिच्यासमोर नुसती मान डोलावली. इकडे माझ्या न्हाणीघरात तो माणूस खाली डोकं वर पाय असा कोंबलेला आहे.

काल दुपारी तीच सांगत आली. मामाच्या गावात गोंधळ उडालाय, ताम घराण्याची एक बरणी चोरीला गेली. पूर्वी इथे दरोडेखोर हाडं पळवायचे आणि घरच्यांकडून पैसे उकळायचे. आता ताम मंडळी तशा चिठ्ठीची वाट बघताहेत. चिठ्ठी काही येत नाही, तेव्हा त्यांनी चोर आपला आपणच ठरवलाय. गावात क्वान नावाचा म्हातारा आहे, सगळे त्याला क्वानकाका म्हणतात. हाडं उकरून रचून देणं हाच त्याचा धंदा. दुसरं कुणी तसल्या बरणीला हात लावायला धजणार नाही, म्हणून चोर तोच. तामांच्या पुतण्यांनी त्याचं दार मोडलं, सामान नेलं आणि मुदत दिली. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या नवमीला इथे सगळे पितरांच्या डोंगरावर जातात. तोवर बरणी जागेवर आली नाही, तर क्वानकाकाचे दोन्ही हात मोडणार आहेत.

मिस सितो हे जेवणाचा डबा उघडता उघडता सांगत होती. मी विचारलं, "खरंच मोडतील?"

"मग काय, खोटे मोडतील?" ती म्हणाली.

झाडायला येणारी आ-फुंग कालपासून न्हाणीघराच्या दारावर धडका देतेय. तिची पक्की खात्री झालीय की मी आत बाई लपवलीय. बाई असती तर किती बरं झालं असतं.

एमेट

रविवार, २१ सप्टेंबर

नोरीन,

आज बरणी ठेवून यायला निघालो होतो, ती घेऊनच परत आलोय.

पहाटे मनाशी ठरवलं, गपचूप जागेवर ठेवायची आणि विषय संपवायचा. उलटसुलट भरलेलं कोण बघणार? बरणी पोत्यात घातली, सायकलला बांधली. आठ मैलांत तीनदा थांबलो. चढावर धाप लागली की वाटायचं, पोत्यातूनही कुणीतरी धापा टाकतंय.

डोंगराच्या पायथ्याशी दोन तरुण पत्ते खेळत बसले होते. तामांचे पुतणे, पहाऱ्याला. एकाच्या मांडीवर फावड्याचा दांडा होता. त्याने मला हात करून थांबवलं, पोत्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

मला त्यांच्या भाषेतले वीसेक शब्द येतात, नळ तपासायच्या माझ्या कामापुरते. नळ, पाणी, गळतं, पास, नापास, पुन्हा करा, भात, बिअर. एवढ्यावर दीड वर्ष काढलंय. माझी बोबडी वळली आणि तोंडातून आला तो पहिला शब्द: "नळ."

त्याने पोत्यावर टिचकी मारली. टण्ण असा पितळेचा आवाज येणार कुठून, मातीचा भद्द आवाज आला. तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला, म्हणाला, "नळ, नळ," आणि मला सिगारेट दिली. त्याची बहीण आमच्याच कारखान्यात आहे, नळवाला अमेरिकन म्हणून मला ओळखतो. मी त्यांच्याशेजारी बसून सिगारेट ओढली. मी वीस वर्षांपूर्वी सोडली होती. त्याने काडी धरून दिली.

परत येताना क्वानकाकाचं घर दिसलं. दाराच्या जागी फळकूट आडवं लावलंय. तो अंगणात मुळे वाळत घालत होता. बारीक, काटकुळा माणूस, वय सत्तरच्या पुढे. मला बघून मान लववली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं चाललंय, आणि चोर सायकलवरून समोरून जातोय.

तुला वाटेल, एवढं आहे तर बोलून का टाकत नाही. अगं, मला त्या फावड्याच्या दांड्याची भीती वाटते. तुरुंगाची वाटते, इथला तुरुंग कसा असतो देव जाणे. आणि सगळ्यांत जास्त कशाची वाटते, तर त्या गावातल्या बायका माझ्याकडे कशा बघतील त्याची.

एमेट

सोमवार, २९ सप्टेंबर

नोरीन,

मिस सितोला सांगितलं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, गोदामात, खोक्यांच्या मागे. वाटलं होतं ओरडेल. ती ओरडली नाही. नुसती खोक्यावर बसली.

"मिस्टर एमेट," ती म्हणाली, "तुमच्या देशात रस्त्यात दिसेल ते घरी नेतात का?"

"मला वाटलं कुणाची नाही."

"ओळीत मांडलेली होती. ओळीत मांडलेली वस्तू कुणाची नसते?" तिचा आवाज आत्ता चढला. "तुम्हाला त्या गावात मी नेलं. माझ्या मामाने जेवू घातलं. उद्या लोक म्हणतील, सितोची पोरगी परदेशी माणूस घेऊन आली आणि त्याने आमचा म्हातारा पळवला. तुम्ही विमानात बसाल. मी कुठे बसू?"

तिने डोळे पुसले आणि विचारलं, आत सगळं आहे ना? मी म्हटलं, आहे, फक्त क्रम चुकलाय. तेव्हा तिने मला एक शब्द ऐकवला, तो माझ्या विसांत नव्हता.

काल सकाळी तिने क्वानकाकाला माझ्या घरी आणलं. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कापडी पिशवी घेऊन तो आला. ज्याच्यामुळे आपलं दार मोडलं त्या माणसाच्या घरी आलोय, हे त्याला वाटेतच सांगितलेलं होतं. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्याने फक्त हात धुतले आणि माझ्या हातात उघडी छत्री दिली. हाडांना उघडं आभाळ दिसू द्यायचं नसतं.

"अहो, पण वर छप्पर आहे," मी म्हणालो.

"क्वानकाका म्हणतात, तुझ्या छपराचा त्यांना भरवसा नाही," मिस सितो म्हणाली.

पाऊण तास मी माझ्याच बैठकीत छत्री धरून उभा होतो, खांदा भरून आला. त्याने लाल कापडावर एकेक हाड मांडलं. मांडता मांडता त्या माणसाशी बोलत होता, आपण आजारी नातेवाइकाशी बोलतो तसं. थोडं सरका, झालंच आता, फार त्रास झाला का. नंतर मिस सितोने अर्थ सांगितला तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग तो थांबला. डाव्या मनगटाच्या पुढे कापड रिकामं होतं.

"हात कुठे आहे?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, हात नव्हताच. नुसत्या काड्या होत्या. त्या मी फेकल्या.

मिस सितो ते त्याला सांगायला तयार होईना. शेवटी सांगितलं. तो खाली बसला.

बरणीतला हा माणूस तुझ्या-माझ्या देशात गेला होता, नोरीन. डोंगर फोडून रूळ टाकायच्या कामावर. सुरुंगात डावा हात गेला, पुढे तिकडेच मेला. सहा वर्षांनी त्याची हाडं पत्र्याच्या पेटीतून जहाजाने गावी आली. तेव्हा क्वानकाका आठ वर्षांचा होता. त्याच्या बापाने ती हाडं बरणीत रचली आणि माणूस अपुरा राहू नये म्हणून लाकडाचा हात कोरला, पाच बोटं, एकेक पेर वेगळं. बापाने केलेली तेवढी एकच वस्तू उरली होती, असं क्वानकाका म्हणाला. मी ती चहाच्या चोथ्याबरोबर फेकली.

मी रडलो. छत्री तशीच धरून रडलो, कारण खाली करू नकोस असं सांगितलं होतं.

जाताना तो म्हणाला, हात मी नवा कोरीन. पण तो घरच्या माणसानेच आत ठेवायला हवा, नाहीतर याला तो आपला वाटणार नाही. म्हणजे तामांना कळणारच. बरणी तो बरोबर घेऊन गेला. घर रिकामं झालंय, तरी मी दिवे मालवलेले नाहीत.

एमेट

शनिवार, ११ ऑक्टोबर

नोरीन,

नवमी काल झाली. पण मुलं-सुना सगळी कामावर, म्हणून तामांचं घराणं डोंगरावर उद्या, रविवारी जाणार आहे. मलाही यायला सांगितलंय. मिस सितोच्या मामाचा पाहुणा म्हणून.

तिने आणि क्वानकाकाने मिळून ठरवलंय. तो सांगणार, बरणी मीच नेली होती, लाकडाला वाळवी लागली होती, हात नवा करायला नेली, विचारायचं राहिलं. ते त्याला झोडपतील, पण हाडं परत आलेली बघून हात बहुधा मोडणार नाहीत. बहुधा, हा शब्द तिचा. यापुढे पंचक्रोशीत त्याला कुणी कामाला बोलावणार नाही, हे मात्र नक्की.

मी म्हटलं, त्याने का करावं हे?

ती म्हणाली, "त्यांनीच सुचवलं. तुम्ही चोर ठरलात तर तुमची कंपनी तुम्हाला परत बोलावील आणि नळ दुसऱ्या गावातून घेईल. मामांच्या गावातल्या साठ मुली आपल्या कारखान्यात आहेत. त्यांची नात नळांच्या पॉलिशला आहे, तीन नंबरच्या चाकावर."

पॉलिशला. तू बावीस वर्षं जिथे उभी होतीस तिथेच. चाकसुद्धा तेच आहे, आपला तिकडचा कारखाना बंद झाल्यावर खोलून इथे आणलं, मीच बसवलं. त्या पोरीची बोटंही तुझ्यासारखीच काळी झालेली असतात.

तेव्हा उद्या मला काहीच करायचं नाहीये. स्टुलावर बसायचं, मान डोलवायची, जेवून घरी यायचं. गप्प बसण्यासाठी इतकं सबळ कारण आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, साठ मुलींची पोटं. आणि तरी सकाळपासून मला अन्न गोड लागत नाही.

उद्या काय होईल ते होवो. त्याआधी तुला एक सांगून ठेवतो, कारण परवा सांगायला मी असेन की नाही, कुणास ठाऊक. त्या एप्रिलमध्ये तू मला विचारलंस, कारखाना बंद होणार म्हणतात ते खरं का. मी म्हटलं, लोक काय वाटेल ते बोलतात, तू निश्चिंत राहा. माझ्या शब्दावर तू क्लीव्हलंडची चालून आलेली नोकरी सोडलीस. नोरीन, मला फेब्रुवारीतच माहीत होतं. कुठली यंत्रं खोलायची याची यादी मीच केली होती. तोंड उघडलंस तर इकडची नोकरी विसर, असं मला वरून सांगितलं होतं, आणि मी घाबरलो. तू सगळ्यांना सांगतेस की एमेटला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. ते खरं नाही. तू माझ्यावर रागावलीस ती फक्त यंत्रांच्या मागे इकडे आलो म्हणून. आता खरं कारण घे आणि काय रागवायचं ते रागव.

एमेट

सोमवार, १३ ऑक्टोबर

नोरीन,

मी आहे. हातपाय शाबूत आहेत. एका कानाखाली सूज आहे, तेवढ्यावर भागलं म्हणायचं.

काल सकाळी गावाच्या खळ्यात शे-दीडशे माणसं जमली होती. भाजलेलं अख्खं डुक्कर, कोंबड्या, दारू, सगळं डोंगरावर न्यायला तयार. मधल्या टेबलावर लाल कापडात बरणी, शेजारी ताटलीत नवा हात. टेबलापुढे खुर्चीवर तामांची म्हातारी, सगळं गाव तिला पणजी म्हणतं, चौऱ्यांशी वर्षांची. बरणीतला माणूस तिचा सासरा.

क्वानकाकाने ठरल्याप्रमाणे सांगितलं. हळू, खाली मान घालून. पुतण्यांनी निम्मंच ऐकून घेतलं. एकाने त्याला कॉलरला धरून टेबलावर वाकवलं, दुसऱ्याने त्याचा उजवा हात पालथा करून फळीवर दाबला. त्या रविवारी मला सिगारेट देणारा तोच. आता बोला, काका, हात नवा करायला नेलीत काय, असं काहीतरी तो हसत म्हणत होता.

मी उठलो. मिस सितोला म्हणालो, "त्यांना सांगा, बरणी मी नेली. क्वानकाकांचा काही संबंध नाही."

ती माझ्याकडे न बघता बोलली. बरंच बोलली. लोकांनी माना डोलावल्या, एका म्हाताऱ्याने माझी पाठ थोपटली, कुणीतरी माझं स्टूल सावलीत सरकवून दिलं. चोरी कबूल करणाऱ्याला कुणी स्टूल सावलीत सरकवून देत नाही, एवढं मला कळतं.

"काय सांगितलंत?"

"तुम्हाला फार वाईट वाटतंय, असं सांगितलं. ते काही खोटं नाही," ती म्हणाली. "बसा आता. मिस्टर एमेट, हात जोडते, बसा."

गर्दीत आमच्या कारखान्यातल्या मुली होत्या. तीन नंबरच्या चाकावरची ती पोरगी आजोबांच्या हाताकडे बघत होती आणि तोंडातून आवाज काढत नव्हती. ती गप्प बसली होती नोकरीसाठी. तिला तसं बसायला माझ्यासारख्यांनीच शिकवलं, मला माहीत आहे.

मग मी माझ्याजवळच्या वीस शब्दांतून शोधायला लागलो. टेबलापाशी गेलो, क्वानकाकाच्या दाबलेल्या हातावर माझा हात ठेवला आणि म्हणालो, "पास."

सगळे बघायला लागले. मी छातीवर बोट ठेवलं. "मी नापास."

मुली फिसकन हसल्या. मी रोज त्यांच्यासमोर हेच दोन शब्द ओरडत असतो, तर हसणारच. मी बरणीकडे बोट केलं, पुन्हा माझ्याकडे. सायकल चालवून दाखवली. ट्यूब बांधून दाखवली. बरणी उलटी केल्याचं दाखवलं आणि ताटलीतल्या लाकडी हाताकडे बोट करून काहीतरी दूर फेकल्याचं दाखवलं. शंभर माणसांसमोर मी माझी चोरी नाचून दाखवत होतो. हसणं कधी थांबलं ते माझ्या लक्षात आलं नाही. सिगारेटवाल्याच्या डोक्यात सगळ्यांत शेवटी उजेड पडला. "नळ," तो म्हणाला, आणि मला कानाखाली वाजवली.

मी खाली पडलो. आणखी तिघे पुढे आले, एकाच्या हातात तो दांडा होता. मी डोकं हातांत घेतलं. तेवढ्यात पणजीने काठी आपटली.

ती मिस सितोला काहीतरी म्हणाली. मिस सितो माझ्याशेजारी मातीत बसली आणि म्हणाली, "पणजी म्हणतात, आता नीट सांग, एकही शब्द गाळू नकोस, नाहीतर तुझ्याही मामाकडे बघते." यावेळी तिने नीट सांगितलं. मी बोलेन तेवढं त्यांना, त्या बोलतील तेवढं मला.

पणजीने विचारलं, कुठे ठेवला होता?

न्हाणीघरात, मी म्हटलं. लोकांच्यात कुजबुज झाली.

दिवा होता का?

होता. सगळे दिवे लावून ठेवायचो, घाबरून.

तिने काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाली, "मी लग्न होऊन आले त्या वर्षी हे आले, पत्र्याच्या पेटीतून. सासऱ्यांचं तोंड मी कधी पाहिलंच नाही, पेटीलाच नमस्कार केला. त्यांना तिकडून यायला सहा वर्षं लागली. तू परत घेऊन गेला असतास, तर या वयात मी किती वर्षं वाट बघायची होती?"

मी मातीत बसूनच हात जोडले.

तिने लाकडी हात उचलला, स्वतःच्या हाताने बरणीत ठेवला, झाकण लावलं. मग काठीने माझ्याकडे आणि डोंगराकडे दाखवलं. क्वानकाकाने बरणी कापडात घालून माझ्या पाठीला बांधली, इकडच्या बायका तान्ह्या पोराला बांधतात तशी. मी चढायला लागलो. पुतणे माझ्या मागे होते, त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता ढकलतील. एका बाजूला खोल दरी आहे तिथे तर मी डोळेच मिटले. पण माझ्या पाठीवर त्यांचा म्हातारा होता. मला ढकलायची सोय नव्हती.

वर डुकराचे वाटे पडले. तो वाटा फक्त घराण्यातल्यांना मिळतो, पण काल पहिला तुकडा पणजीने क्वानकाकाला दिला, सगळ्यांच्या देखत, आणि पुतण्यांना त्याच्या दाराचं बघा म्हणून सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी घेतला. मला काही मिळालं नाही, आणि मी मागितलंही नाही.

मग तिने मला बरणीपुढे बसवलं आणि विचारलं, "यांचं नाव काय?"

तीन आठवडे तो माझ्या घरात होता, नोरीन. मला नाव माहीत नव्हतं.

ताम क्वोंग-यिउ. मी म्हणून दाखवलं. पणजीने मान हलवली आणि आजूबाजूच्या मुलींना विचारलं, हा तुम्हाला काय म्हणतो रोज? मुलींनी सांगितलं. "नापास," पणजी म्हणाली. पुन्हा म्हटलं. नापास. सात-आठदा म्हटलं, नावातले ते चढ-उतारांचे सूर माझ्या जिभेला काही येईनात. लोक जेवायला लागले, मी तिथेच गुडघ्यांवर बसून एका मेलेल्या माणसाचं नाव म्हणत होतो आणि ती कोंबडी चावत चावत नापास करत होती. शेवटी म्हणाली, येत्या रविवारी परत ये. त्याच्या पुढच्याही. नाव नीट येईपर्यंत येत राहा.

आज कारखान्याच्या मालकाने मला बोलावलं नाही आणि माझ्याशी कुणी बोललंही नाही. मिस सितो कागद टेबलावर ठेवून जाते. तिकडच्या ऑफिसला कुणी कळवलंय का, साठ मुलींचं काय होईल, मला माहीत नाही. तीन नंबरच्या चाकावरची पोरगी मात्र मी जवळून गेलो तेव्हा ते नाव हळूच म्हणाली, बरोबर सुरात, आणि मी ते तिच्यामागून म्हटलं.

सकाळपासून तेच म्हणतोय. रविवारी वर जायचंय आणि त्या पुतण्यांच्या पुढून एकट्याने चढायचंय. मला भीती वाटतेय, पण मी जाणार आहे.

एमेट